करारनाम्याआधीची वर्षे

उत्तर अमेरिकेतील बर्फावरच्या हॉकीत एखादा होतकरू मुलगा धंदेवाईक संघापर्यंत कसा पोहोचतो, या प्रश्नाचे उत्तर १९६० च्या सुमारास देणे मुळीच अवघड नव्हते. मुलाच्या ओठावर मिसरूड फुटण्याआधीच कोणत्या तरी संघाचा टेहळ्या त्याच्या बापाच्या बैठकीत येऊन बसे, हवापाण्याच्या गप्पा आटोपल्यावर एक छापील कागद पुढे सरकवी, आणि त्या कागदावर मुलाची व मुलगा अज्ञान असल्यास त्याच्या पालकाची सही पडली, की हा मुलगा पुढे कधी पैसे घेऊन खेळलाच तर तो कोणासाठी खेळेल, याची नोंद संघाच्या दप्तरी होऊन जाई. या कागदाला ‘सी फॉर्म’ म्हणत. १९६२ साली ऑन्टारिओ प्रांतातील पॅरी साउंड या लहानशा गावी बॉबी ऑर नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाने असाच एक कागद बॉस्टन ब्रुइन्स या संघाला लिहून दिला, तेव्हा त्याच्या मोबदल्यात घरच्यांना काही रोकड, एक मोटार आणि राहत्या घराला बाहेरून नवा गिलावा इतके मिळाले. चार वर्षांनी हा मुलगा बॉस्टनच्या संघात उतरला आणि बचावपटूने कोठवर मजल मारावी याविषयीच्या साऱ्या कल्पना त्याने उलथून टाकल्या. तेव्हा या सौद्यात स्वस्ताई कोणाच्या पदरी पडली हे निराळे सांगावयास नको.

त्या वेळी नॅशनल हॉकी लीग ही या खेळातील सर्वश्रेष्ठ लीग अवघ्या सहा संघांची होती. कॅनडातील गावोगावच्या कनिष्ठ संघांना आश्रय देऊन या सहाजणांनी आपापला मुलूख आखून घेतलेला होता, आणि मुलगा एकदा त्या मुलखात सापडला की त्याचा पुढचा प्रवास कनिष्ठ संघातून दुय्यम लीगमध्ये व तेथून, नशीब बलवत्तर असेल तर, मुख्य संघात असा ठरून गेलेला असे. शाळा या प्रवासात टिकली तर टिके, सुटली तर सुटे. अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठात जाऊन पदवी घ्यावी, तेथील संघातून खेळावे आणि मग धंद्यात उतरावे, ही दुसरी वाट कागदोपत्री मोकळी होती खरी, पण त्या वाटेने जाणाऱ्याकडे जाणते लोक कीव केल्यासारखे पाहत. पदवी घेऊन आलेला खेळाडू म्हणजे वयाने वाढलेला, सामने कमी खेळलेला, आणि प्रशिक्षकाने एखादी आज्ञा केली तर ‘का?’ असे विचारणारा, अशी त्याची ख्याती होती. यांपैकी पहिल्या दोन तक्रारी निराधार नव्हत्या. कॉलेजचा हंगाम जेमतेम तीस सामन्यांचा, आणि कनिष्ठ संघातला त्याच्या जोडीचा मुलगा तेवढ्या काळात त्याच्या जवळजवळ दुप्पट खेळून घेई. तिसरी तक्रार मात्र निराळ्या जातीची आहे, आणि प्रस्तुत विषयाचे सारे मर्म, माझ्या मते, त्या तिसऱ्या तक्रारीतच साठलेले आहे.

या पुस्तकाच्या पुढील पानांत ज्याचा वृत्तांत येणार आहे तो केन ड्रायडेन हा त्या तक्रारीचा मूर्तिमंत पुरावा होय. परंतु त्याच्याकडे वळण्यापूर्वी, हॉकी म्हटली की ज्यांच्या डोळ्यांपुढे हिरवे मैदान आणि ध्यानचंद उभे राहतात अशा आपल्या वाचकासाठी खेळाविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. दोनशे फूट लांब व पंच्याऐंशी फूट रुंद असे बर्फाचे अंगण, भोवती कठडा, प्रत्येक बाजूचे सहा खेळाडू, आणि चेंडूच्या जागी तीन इंच व्यासाची व एक इंच जाडीची टणक रबराची चकती. या चकतीला ‘पक’ म्हणतात. वीस-वीस मिनिटांची तीन सत्रे होतात. पण वेग असा भयंकर, की मिनिटभरात खेळाडू धापा टाकीत कठड्याबाहेर येतात आणि दुसरे त्यांची जागा घेतात. साठही मिनिटे जागेवर राहतो तो एकटा गोलरक्षक. सहा फूट रुंद आणि चार फूट उंच असे दार त्याने राखावयाचे. लडाखात गोठलेल्या तळ्यांवर हा खेळ आपलीही मुले खेळतात, पण तेथला गोलरक्षक त्यावर पोट भरण्याची आशा धरू शकत नाही, आणि आपला विषय तर नेमका पोट भरण्याचा आहे.

ड्रायडेनचा जन्म ८ ऑगस्ट १९४७ रोजी ऑन्टारिओतील हॅमिल्टन येथे झाला, आणि बालपण टोरांटोच्या पश्चिमेकडील उपनगरात गेले. त्याचे वडील मरे ड्रायडेन यांनी घरामागचे परसू फरसबंद करून घेतले होते, आणि तेथे बर्फ नसतानाही टेनिसच्या चेंडूने हॉकी चाले. थोरला भाऊ डेव्ह वयाने सहा वर्षांनी मोठा, आणि तोही गोलरक्षक. तेव्हा धाकट्याने गोलरक्षकाची जागा का पत्करली याची चिकित्सा फार खोलवर जाऊन करण्याचे कारण दिसत नाही. या वडिलांविषयी एक गोष्ट मराठी वाचकाच्या कानावर घातल्यावाचून मला पुढे जाववत नाही. जगातील गरीब मुलांना अंथरूण-पांघरूण पुरविणारी ‘स्लीपिंग चिल्ड्रन अराउंड द वर्ल्ड’ ही संस्था त्यांनी पत्नीच्या साहाय्याने स्थापन केली, आणि तिचे पहिले वाटप १९७० साली आपल्या पुण्यात झाले. मुलगा माँट्रियलच्या दुय्यम संघात उमेदवारी करीत होता त्याच साली बाप पुण्याच्या मुलांना गाद्या वाटीत होता, या योगायोगातून कोणताही सिद्धांत काढण्याचा माझा इरादा नाही. पण ज्या घरात पैशाच्या हिशेबापलीकडचेही काही बोलले जात असले पाहिजे, अशा घरातून हा मुलगा आला होता, एवढे त्यावरून ध्यानी येते.

आता त्या घरावर कागदाची छाया कशी पडली ते पाहू. सी फॉर्मची पद्धत हळूहळू मोडीत काढावी या हेतूने लीगने १९६३ पासून एक नवी व्यवस्था सुरू केली होती. जी मुले कोणाच्याच दप्तरात नव्हती, त्यांची नावे घेऊन सहाही संघांच्या कारभाऱ्यांनी वर्षातून एकदा माँट्रियलच्या एका हॉटेलात एकत्र बसावे आणि पाळीपाळीने एकेक मूल निवडावे, अशी ती ‘ड्राफ्ट’ नावाची पद्धत होय. १९६४ च्या जूनमध्ये झालेल्या अशा दुसऱ्या बैठकीत बॉस्टनने तिसऱ्या फेरीत, एकूण चौदाव्या क्रमांकावर, ड्रायडेनचे नाव घेतले. त्या वेळी त्याला सतरावे वर्षही पुरे झालेले नव्हते. थोड्याच दिवसांत बॉस्टनने त्याच्यावरील आपला हक्क, आणखी एका मुलाच्या हक्कासह, माँट्रियल कॅनेडियन्स या संघाच्या स्वाधीन केला व बदल्यात दोन मुलांचे हक्क घेतले. चार मुलांच्या या अदलाबदलीत चौघांपैकी कोणाचे मत विचारण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. गंमत अशी, की आपल्याला प्रथम बॉस्टनने निवडले होते हे ड्रायडेनला पुढे दहा-एक वर्षे ठाऊकच नव्हते. माँट्रियलनेच आपले नाव घेतले असे तो समजून चालला होता. ज्या मालमत्तेचे हस्तांतर झाले त्या मालमत्तेलाच त्या खरेदीखताचा पत्ता नसावा, याहून त्या व्यवस्थेचे अधिक बोलके वर्णन मला सुचत नाही.

माँट्रियलची इच्छा अशी, की मुलाने पीटरबरो येथील आपल्या आश्रित कनिष्ठ संघात दाखल व्हावे. मुलाने ती मानली नाही. न्यूयॉर्क संस्थानातील इथाका या डोंगराळ गावी असलेल्या कॉर्नेल विद्यापीठात त्याने नाव घातले आणि इतिहास हा विषय घेतला. या निवडीत जो एक बारकावा आहे तो सहज निसटण्याजोगा आहे. कॉर्नेल हे ‘आयव्ही लीग’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आठ जुन्या विद्यापीठांपैकी एक, आणि खेळातील नैपुण्यासाठी विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती द्यावयाची नाही असा त्या आठांचा आपसातला ठराव. इतर कित्येक विद्यापीठांत खेळाडूची फी, जेवणखाण व निवास हे सारे त्याच्या खेळण्यावर अवलंबून असते, आणि मग प्रशिक्षकाची मर्जी म्हणजे जवळजवळ अन्नदात्याची मर्जी ठरते. कॉर्नेलमध्ये तसे नव्हते. तेथे हॉकी सोडली तरी मुलाचे विद्यार्थिपण अबाधित राही. म्हणजे ज्या वयात ऑर आणि त्याच्यासारखी शेकडो मुले दोरीने बांधली गेली होती, त्या वयात हा मुलगा अशा ठिकाणी खेळत होता जेथे त्याला कोणी विकत घेतलेले नव्हते. माँट्रियलचा हक्क कायम होता, हे खरे; पण तो हक्क इतर संघांविरुद्ध होता. ड्रायडेनने हॉकी खेळलीच पाहिजे असे सांगण्याचा अधिकार त्यातून कोणालाही मिळत नव्हता.

कॉर्नेलच्या लायना रिंकमध्ये नेड हार्कनेस या प्रशिक्षकाचा अंमल होता. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मुख्य संघात घेण्याची त्या काळी मुभा नसल्यामुळे ड्रायडेनला १९६६ ते १९६९ असे तीनच हंगाम मिळाले. त्या तीन हंगामांत तो गोलात उभा असता संघाने ७६ सामने जिंकले, ४ गमावले आणि १ बरोबरीत सोडविला. १९६७ साली कॉर्नेलने बॉस्टन विद्यापीठाला अंतिम सामन्यात ४–१ असे हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्याचा कॉलेजातील शेवटचा सामना मात्र पराभवाचा झाला, आणि तो डेन्व्हर विद्यापीठाने १९६९ च्या अंतिम फेरीत ४–३ असा घेतला. एवढ्या आकड्यांवरून कोणीही म्हणेल की या मुलावाचून कॉर्नेलचे पुढे कसे झाले असेल. तर त्याचे उत्तर असे, की ड्रायडेन गेल्यानंतरच्या पहिल्याच वर्षी कॉर्नेलचा संघ २९ पैकी २९ सामने जिंकून पुन्हा अजिंक्य ठरला. चरित्रकाराला अडचणीत टाकणारा हा तपशील या पुस्तकाच्या लेखकाने झाकून ठेवलेला नाही, याबद्दल त्याचे अभिनंदन केले पाहिजे. संघ थोर होता, प्रशिक्षक कडवा होता, आणि गोलरक्षक त्या यंत्रणेचा एक भाग होता.

याच हार्कनेसची पुढील हकिकत मी येथे थोडे आडवळण घेऊनही सांगतो, कारण कॉलेज आणि धंदा यांमधली दरी तिच्यावरून जितकी स्पष्ट दिसते तितकी खेळाडूंच्या चरित्रांवरून दिसत नाही. १९७० साली त्या निष्कलंक हंगामानंतर डेट्रॉइट रेड विंग्ज या धंदेवाईक संघाने त्याला प्रशिक्षक म्हणून बोलावून घेतले. अठरा-वीस वर्षांच्या विद्यार्थ्यांना जी शिस्त शोभत होती, तीच त्याने बायकामुले असलेल्या आणि आपापल्या पेशात मुरलेल्या गड्यांना लावावयास घेतली. गडी बिथरले, कुजबूज झाली, कुजबुजीचे बंड झाले. २ जानेवारी १९७१ रोजी टोरांटोकडून डेट्रॉइटचा १३–० असा दारुण पराभव झाला, आणि त्यानंतर लवकरच हार्कनेसला प्रशिक्षकपदावरून उचलून वरच्या कारभारी जागेवर बसविण्यात आले. ३८ सामन्यांत अवघे १२ विजय, असा हा धंदेवाईक प्रशिक्षकाचा हिशेब. कॉलेजातला गुरू जेथे पहिल्या हंगामाच्या मध्यावरच उन्मळून पडला, तेथे कॉलेजातला शिष्य त्यानंतर चार-एक महिन्यांत अजिंक्यवीर ठरावा, हे काव्यगत न्यायाचे उदाहरण नव्हे. गुरूला हुकूम देण्याची सवय होती आणि शिष्याला विचार करण्याची, एवढाच त्यातला भेद.

शिष्य मात्र सरळ माँट्रियलला गेला नाही. कॉलेज संपल्यावर कॅनडाच्या राष्ट्रीय हौशी संघात खेळावयाचे, आणि त्या संघाचे ठाणे विनिपेग येथे असल्यामुळे तेथल्याच मॅनिटोबा विद्यापीठात कायदा शिकावयाचा, असा त्याचा बेत होता. १९७० च्या जानेवारीत आंतरराष्ट्रीय संघटनेशी बिनसून कॅनडाने जागतिक स्पर्धांतून अंग काढून घेतले, राष्ट्रीय संघ विसर्जित झाला, आणि बेत अर्ध्यावर तुटला. तेव्हा कोठे ड्रायडेनने माँट्रियलशी करार केला, आणि तोही मॅक्‌गिल विद्यापीठात कायद्याचे शिक्षण चालू ठेवण्याची सोय राखून. सकाळी व्याख्याने, संध्याकाळी ‘व्हॉयेजर्स’ या कॅनेडियन्सच्या दुय्यम संघातून खेळ, असे त्याचे १९७०–७१ चे वर्ष चालले होते. धंदेवाईक हॉकीत दुय्यम लीग हे फार कठोर ठिकाण असते. मुख्य संघाच्या वाटेवरची ती धर्मशाळा आहे, आणि तेथे कित्येकांचे सारे आयुष्य पथारीवरच सरते. ड्रायडेनने तेथे ३३ सामने काढले.

१४ मार्च १९७१ रोजी पिट्सबर्ग येथे त्याला मुख्य संघातून प्रथम उतरविण्यात आले आणि माँट्रियलने तो सामना ५–१ असा जिंकला. २० मार्चला माँट्रियलच्या फोरममध्ये बफेलोचा संघ आला, त्यांच्या गोलात थोरला डेव्ह उभा होता. माँट्रियलचा व्हाशाँ हा अनुभवी गोलरक्षक जखमी होऊन बाहेर गेला, आणि धाकट्याला आत पाठविण्यात आले. दोन सख्खे भाऊ या लीगमध्ये समोरासमोरच्या गोलांत उभे ठाकण्याचा तो पहिला प्रसंग. हंगाम संपेतो ड्रायडेनच्या नावावर फक्त सहा सामने जमा झाले होते, सहाही जिंकलेले. एवढ्या तुटपुंज्या पुंजीवर ॲल मॅकनील या प्रशिक्षकाने प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांपैकी, पहिल्या फेरीसाठी व्हाशाँला बाजूस ठेवून या नवख्याला निवडले, आणि पहिल्या फेरीतला प्रतिस्पर्धी होता बॉस्टन.

बॉस्टन म्हणजे त्या वर्षीचा काळ. ५७ विजय, ३९९ गोल. एकट्या फिल एस्पोझिटोचे ७६ गोल. आणि बचावाच्या जागेवरून सारा खेळ हाकणारा, आता तेवीस वर्षांचा झालेला, पॅरी साउंडचा तो बॉबी ऑर. चौदाव्या वर्षी सही करून आलेला मुलगा एका टोकाला आणि तेवीस वर्षांचा कायद्याचा विद्यार्थी दुसऱ्या टोकाला, अशी ही गाठ १९७१ च्या एप्रिलमध्ये बॉस्टन गार्डनच्या बर्फावर पडली. माँट्रियलने पहिला सामना गमावला. दुसऱ्या सामन्यात ५–१ असे पिछाडीस पडेपर्यंत ड्रायडेनच्या मागे पाच गोल गेले होते, आणि तरीही त्याला बाहेर बोलाविण्यात आले नाही. मॅकनीलच्या या एका न केलेल्या कृतीकडे चरित्रकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही असे मला वाटते. माँट्रियलच्या बेलिव्हो व त्याच्या सहकाऱ्यांनी तेथून ओळीने सहा गोल करून सामना ७–५ असा फिरविला, मालिका सात सामन्यांपर्यंत ताणली गेली, आणि १८ एप्रिल रोजी सातवा सामना माँट्रियलने बॉस्टनमध्येच ४–२ असा घेतला.

या मालिकेतील ड्रायडेनची मूर्ती ज्यांनी चलच्चित्रांत पाहिली असेल त्यांना ती विसरणे कठीण आहे. सहा फूट चार इंच उंची. पायांवर चामड्याचे अवजड पॅड. चेहऱ्यावर फायबरग्लासच्या पट्ट्यापट्ट्यांचा मुखवटा. पक दुसऱ्या टोकाला गेला किंवा पंचांची शीळ वाजली की तो आपली काठी बर्फावर उभी टेकी, तिच्या टोकावर दोन्ही हातमोजे एकावर एक ठेवी, आणि त्या हातमोज्यांवर हनुवटी टेकून, अंगाला जराही हिसका न देता, खेळाकडे पाहत राही. प्रेक्षागारात चौदा-पंधरा हजार माणसे घसा फोडून ओरडत असता हा मनुष्य जणू दुसऱ्याच कोणाचा खटला ऐकत उभा आहे असे वाटे. पुढच्या फेरीत मिनेसोटाचा संघ हरला, आणि १८ मे रोजी शिकागोत शेवटच्या फेरीचा सातवा सामना माँट्रियलने ३–२ असा जिंकून लीगच्या अजिंक्यपदाचा स्टॅन्ली चषक हस्तगत केला. प्लेऑफमधील सर्वोत्तम खेळाडूचा कॉन स्मिथ करंडक ड्रायडेनला मिळाला. आणि नवोदितांसाठी असलेला कॅल्डर करंडक त्याच्या पुढच्या वर्षी, कारण सहा सामन्यांत तो नवोदित म्हणून मोजण्याइतकाही खेळलेला नव्हता! या क्रमाने हे दोन्ही मान मिळविणारा दुसरा खेळाडू नाही. व्हाशाँला १९७१ च्याच नोव्हेंबरात लॉस एंजलिसला पाठविण्यात आले.

सामान्य चरित्र येथे शिगेला पोहोचून उतरणीस लागते. मला मात्र या पुस्तकातील खरे प्रकरण त्यानंतर दोन वर्षांनी सुरू होते असे वाटते. १९७३ साली माँट्रियलने पुन्हा चषक जिंकला, सर्वोत्तम गोलरक्षणाचा व्हेझिना करंडक ड्रायडेनला मिळाला, आणि त्याच साली मॅक्‌गिलने त्याला कायद्याची पदवी दिली. संघाने देऊ केलेली रक्कम आपल्या योग्यतेची नाही असे त्याचे मत होते. संघाचा कारभारी सॅम पॉलक ते मानावयास तयार नव्हता. अशा पेचात सापडलेला धंदेवाईक खेळाडू तोवर काय करीत असे? तो चडफडे, वर्तमानपत्रवाल्यांपाशी कुरकुरे, आणि हंगामाची तारीख जवळ आली की मुकाट्याने सही करी. कारण एका संघाचा हक्क असलेल्या खेळाडूला लीगमधील दुसरा कोणताही संघ हात लावू शकत नव्हता, आणि खेळावाचून दुसरा पेशा त्याला येत नव्हता. ड्रायडेनने सप्टेंबरात निवृत्ती जाहीर केली आणि टोरांटोतील एका वकिली पेढीत, आठवड्याला सुमारे १३५ डॉलर वेतनावर, उमेदवार म्हणून रुजू झाला. वकिलीची सनद मिळविण्यासाठी ती उमेदवारी त्याला एरवीही करावीच लागणार होती. आदल्या हंगामात अवघे १८४ गोल अंगावर घेणाऱ्या माँट्रियलने त्या वर्षी २४० गोल अंगावर घेतले आणि चषकाच्या पहिल्याच फेरीत न्यूयॉर्ककडून हार खाल्ली. पुढच्या वर्षी ड्रायडेन परतला तो वाढीव रकमेच्या करारावर.

कॉलेजातील चार वर्षांचा उपयोग कोणता, या प्रश्नाला मी तरी हेच उत्तर देईन. त्या चार वर्षांत त्याचे गोलरक्षण पीटरबरोपेक्षा अधिक सुधारले असेल की नाही, हे छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही, आणि लेखकानेही ते सांगितलेले नाही. परंतु त्या चार वर्षांनी त्याला ‘नाही’ म्हणण्याची ऐपत दिली, आणि धंदेवाईक खेळात ती ऐपत मनगटातल्या चापल्याइतकीच दुर्मिळ असते. ऑरचे उदाहरण पुन्हा शेजारी ठेवा. त्याच्या करारांचा सारा कारभार ॲलन ईगलसन या वकिलाच्या हाती होता. १९७६ साली बॉस्टनने ऑरला ठेवून घेण्यासाठी संघाच्या मालकीतील भागीदारीही देऊ केली होती, आणि ते आपल्याला कळविण्यातच आले नाही, असे ऑरने पुढे सांगितले. ईगलसनने १९९८ मध्ये खेळाडूंच्या पैशांसंबंधीच्या फसवणुकीचे आरोप न्यायालयात कबूल केले व त्याला कैद झाली. बर्फावर ऑर हा ड्रायडेनपेक्षा थोर खेळाडू होता, याविषयी मला यत्किंचितही संशय नाही. कागदापुढे दोघांची स्थिती सारखी नव्हती.

आठ हंगामांत सहा चषक मिळवून १९७९ साली, वयाची बत्तीस वर्षे पुरी होण्याआधी, ड्रायडेनने खेळ सोडला. १९८३ साली प्रसिद्ध झालेले त्याचे ‘द गेम’ हे पुस्तक या खेळावरील सर्वोत्कृष्ट लेखनात गणले जाते. पुढे तो टोरांटोच्या संघाचा अध्यक्ष झाला, कॅनडाच्या संसदेत निवडून गेला, मंत्रीही झाला. २०२५ च्या सप्टेंबरात तो निवर्तला.

एका उदाहरणावरून नियम बांधू नये, म्हणून लेखकाने इतरांच्याही हकिकती जोडल्या आहेत. ड्रायडेनच्या आधी १९६२ साली मिशिगन विद्यापीठाचा रेड बेरेन्सन आपला शेवटचा कॉलेज-सामना खेळून लागलीच दुसऱ्या दिवशी माँट्रियलच्या पोशाखात बॉस्टनच्या बर्फावर उतरला होता. अलीकडचा केल मकार हा मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा बचावपटू २०१९ च्या एप्रिलमध्ये शनिवारी राष्ट्रीय अंतिम सामना हरला आणि सोमवारी कोलोरॅडोकडून प्लेऑफमध्ये उतरून पहिल्याच सामन्यात गोल करून मोकळा झाला. तीन वर्षांनी कॉन स्मिथ करंडक त्याच्याही हाती होता. याउलट व्हरमाँट विद्यापीठाचा मार्टिन सेंट लुई. ठेंगणा म्हणून त्याला ड्राफ्टमध्ये कोणीच निवडले नाही, कॅल्गरीने घेऊन सोडून दिले, आणि तरीही २००४ साली टॅम्पा बेकडून खेळताना लीगचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला.

व्यवस्थाही आता पुष्कळ पालटली आहे. लीगमध्ये ३२ संघ आहेत, ड्राफ्टच्या सात फेऱ्यांत दरसाल दोनशेंवर मुले निवडली जातात, आणि कॉलेजात शिकणाऱ्या मुलावरील संघाचा हक्क चार वर्षांचे शिक्षण पुरे झाले की त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला संपावा, अशी तरतूद झाली. हार्वर्डच्या जिमी व्हीझीने २०१६ साली नेमका तो दिवस येऊ दिला, आणि ज्या नॅशव्हिलने त्याला चार वर्षांपूर्वी निवडले होते त्यांना डावलून तो न्यूयॉर्क रेंजर्सकडे गेला. नॅशव्हिलच्या लोकांना फार राग आला. मला तो राग समजतो, पण पटत नाही. मुदतीचा हक्क मुदत संपली की संपतो, एवढे तर आपल्या तलाठ्यालाही ठाऊक असते.

सर्वांत मोठा फेरफार मात्र अगदी ताजा आहे. कॅनडाच्या कनिष्ठ लीगमध्ये खेळलेला मुलगा म्हणजे धंदेवाईकच, असे मानून अमेरिकन विद्यापीठे त्याला पूर्वी दारातच अडवीत. पीटरबरो किंवा कॉर्नेल, दोहोंपैकी एक, अशी ती निवड होती. ती अट २०२५ च्या ऑगस्टपासून उठली, आणि त्याच उन्हाळ्यात मेडिसिन हॅटच्या कनिष्ठ संघात नाव गाजविलेल्या गॅव्हिन मॅकेना या युकॉनमधील सतरा वर्षांच्या मुलाने पेन स्टेट विद्यापीठ पसंत केले. शिवाय खेळाडू-विद्यार्थ्याला आता आपल्या नावाचे मोल घेता येते, विद्यापीठाकडून थेट वाटाही मिळू शकतो. म्हणजे ज्या चार वर्षांत करारनामा नव्हता, त्यांच्या आरंभीच आता करारनामा येऊन बसला आहे. त्यामुळे मुलाची ऐपत वाढेल, की कॉलेज हेच आणखी एक दुय्यम लीग होऊन जाईल, याचा अदमास बांधण्याचा मोह लेखकाने आवरला आहे. शेवटच्या प्रकरणात त्याने नव्या नियमांची नुसती नोंद केली आहे आणि बाकीचे दुसऱ्या आवृत्तीवर सोपविले आहे. त्याचा हा निर्णय मला रास्त वाटतो.